संडास तुंबला तर काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भांड्यात पाणी चढतंय. आत्ताच्या आत्ता काय करू?

पुन्हा फ्लश करू नका. ‘अजून एकदा पाणी सोडलं की जाईल’ असं वाटतंच, पण टाकीतलं आणखी ६ लिटर पाणी मावायला भांड्यात जागा उरलेली नसते आणि मैलापाणी थेट जमिनीवर येतं. टाकीचं झाकण उचला. तळाची रबरी झडप उघडी राहिली असेल तर हाताने दाबून बसवा. मग टाकीला पाणी आणणाऱ्या नळीवरचा अँगल कॉक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून पूर्ण बंद करा. कॉक जाम झाला असेल तर पान्याने झटका देऊ नका, तो तुटला तर घरभर पाणी होईल. त्याऐवजी टाकीतला फ्लोट (पाण्यावर तरंगणारा भाग) वर उचलून दोरीने बांधून ठेवा. पाणी भरायचं थांबतं.

यानंतर १५ मिनिटं नुसतं बघा. पातळी हळूहळू उतरत असेल तर वाट थोडी तरी मोकळी आहे आणि काम बहुधा घरच्या घरी होईल. पाणी जराही हललं नाही तर बोळा घट्ट बसलाय.

नेमकं कुठे तुंबलंय हे कसं ओळखायचं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि बहुतेक जण तो न विचारताच प्लंजर (रबरी कप लावलेला दांडा) किंवा ॲसिडची बाटली शोधायला लागतात. जागा कळली की उपाय आपोआप ठरतो.

कमोडच्या पोटात एक वळण असतं, त्याला ट्रॅप म्हणतात. त्यात साधारण ५ सेंटिमीटर उंचीचं पाणी कायम साचून राहतं आणि गटाराचा वास घरात येऊ देत नाही. बऱ्याच कमोडमध्ये या वळणाची वाट जेमतेम ४५ ते ५५ मिलिमीटर रुंद असते, तर पुढचा पाइप १०० मिलिमीटरचा असतो. म्हणजे सगळ्यात अरुंद जागा भांड्यातच आहे. जे अडकतं ते बहुतेक वेळा तिथेच, तुमच्यापासून हातभर अंतरावर अडकतं. घाबरण्यासारखं फारसं काही नसतं ते यामुळेच.

आता ताडून बघा. न्हाणीघरातली मोरी, बेसिन, दुसरा संडास, सगळीकडून पाणी नेहमीसारखं जातंय का? जात असेल तर अडथळा या एका भांड्यात किंवा त्याच्या लगतच्या पाइपात आहे. बेसिनमध्ये पाणी सोडल्यावर कमोडमध्ये बुडबुडे येत असतील, किंवा फ्लश केल्यावर मोरीच्या जाळीतून पाणी वर येत असेल, तर दोन्हींचा सामाईक पाइप तुंबलाय. तिथे कमोडमध्ये कितीही प्लंजर मारला तरी उपयोग नाही.

बाहेर चेंबर असेल तर त्याचं झाकण उघडून पाहा. चेंबर काठोकाठ भरलाय म्हणजे अडथळा त्याच्या पुढे आहे. चेंबर कोरडा आहे आणि घरात पाणी साचलंय म्हणजे अडथळा घर आणि चेंबर यांच्यामध्ये आहे. झाकण उघडताना तोंड लांब ठेवा, विडी-काडी पेटवू नका, मुलांना जवळ येऊ देऊ नका आणि झाकण परत बसवेपर्यंत तिथून हलू नका.

प्लंजर कोणता घ्यायचा? बेसिनचा चालेल का?

बेसिनच्या प्लंजरचा रबरी कप सपाट काठाचा असतो. तो सपाट जागेवर चिकटतो, पण कमोडचं तोंड गोलसर आणि उतरतं असल्याने तिथे बाजूने हवा निसटते. कमोडसाठी कपाच्या आतून आणखी एक रबरी गळा खाली आलेला प्लंजर मिळतो. हा गळा भोकात शिरतो आणि बाहेरचा कप भोवती बसतो. फरक इतका मोठा आहे की ‘प्लंजरने काही होत नाही’ अशी तक्रार बऱ्याचदा चुकीच्या प्लंजरची असते. रबर मऊ हवं. वाळून कडक झालेला, काठाला भेगा पडलेला कप टाकून द्या.

प्लंजर मारायची बरोबर पद्धत कोणती?

१. रबरी हातमोजे घाला, डोळ्यांवर चष्मा असू द्या, भोवती जुनी फडकी पसरा.

२. भांड्यात पाणी किती आहे ते बघा. कप पूर्ण बुडायला हवा. काठोकाठ असेल तर मगाने थोडं काढून बादलीत ठेवा. अगदीच कमी असेल तर ओता. कपाखाली हवा राहिली तर ती नुसती दबते आणि तुमचा जोर बोळ्यापर्यंत पोचतच नाही. पाणी दबत नाही, म्हणून काम पाण्यानेच होतं.

३. कप तिरका करून पाण्यात उतरवा, म्हणजे आतली हवा निघून जाईल. मग भोकावर सरळ बसवा.

४. पहिला दाब हळू द्या. इथे जोर केला तर उरलेली हवा आणि घाण पाणी अंगावर उडतं.

५. नंतर कप न उचलता १५ ते २० वेळा खाली-वर करा. खाली ढकलण्याइतकंच वर ओढणंही महत्त्वाचं आहे. बोळा पुढे-मागे हलून सैल होतो तो या ओढीमुळेच. नुसतं खाली दाबत राहिलात तर तोच बोळा आणखी घट्ट बसतो.

६. शेवटच्या खेपेला कप झटक्यात उचला. पाणी भक्कन खाली गेलं तर वाट मोकळी झाली. नाही गेलं तर पुन्हा तेच, चार-पाच फेऱ्यांपर्यंत.

लगेच फ्लश करून तपासू नका. अर्धी बादली पाणी ओतून बघा, ते नीट गेलं तरच कॉक उघडा. टाकीपेक्षा बादलीवर आपला ताबा जास्त असतो.

शेजारी जमिनीला मोरीचं तोंड असेल आणि ते त्याच पाइपला जोडलेलं असेल, तर प्लंजर मारताना त्यावर ओल्या फडक्याचा जाड बोळा दाबून धरायला कुणाला तरी सांगा. नाहीतर तुमचा सगळा जोर तिकडून निसटतो, आणि घाण पाणीही तिथूनच उसळतं.

उकिडवं बसायच्या भांड्याला हेच लागू पडतं का?

तत्त्व तेच, हत्यार थोडं वेगळं. इथे ट्रॅप भांड्याखाली जमिनीत वेगळा बसवलेला असतो आणि त्याची वाट पाइपाइतकी, म्हणजे १०० मिलिमीटरच्या आसपास रुंद असते. म्हणून साध्या मैल्याने हे भांडं क्वचित तुंबतं. तुंबलं तर कापड, पॅड, साबणाची वडी किंवा घासायच्या ब्रशचा तुकडा असं काहीतरी आत गेलेलं असायची शक्यता जास्त. भोक झाकेल इतक्या रुंद कपाचा प्लंजर लागतो. वरच्या मजल्यावर भिंतीबाहेरून जाणाऱ्या उभ्या पाइपाला जिथे फाटा मिळतो तिथे बोल्टने बंद केलेलं एक छोटं दार बऱ्याचदा असतं. ते उघडून सळई घालता येते. मात्र उघडण्यापूर्वी खाली बादली धरा आणि तोंड बाजूला ठेवा, कारण मागे साचलेलं सगळं एकदम बाहेर येतं.

घरात प्लंजर नाही. दुसरं काय करता येईल?

भांडी धुण्याचं द्रव साबण, साधारण अर्धा कप, भांड्यात सोडा आणि २० ते ३० मिनिटं थांबा. साबण जड असल्याने खाली बसतो आणि वळणाच्या भिंती निसरड्या करतो. मग ४ ते ५ लिटर गरम पाणी कमरेच्या उंचीवरून एका धारेत, जोरात पण न शिंपडता ओता. इथे काम करतं ते पाण्याचं वजन, म्हणून थेंब-थेंब ओतून काही साधत नाही. अर्थात त्याआधी भांड्यात जागा हवी. पाणी वर आलेलं असेल तर आधी मगाने काढा. टॉयलेट पेपर आणि मैला यांचा बोळा या उपायाने दोन-तीन खेपांत सुटतो. कापड किंवा प्लास्टिक असेल तर सुटत नाही.

जमीन पुसायच्या दोऱ्यांच्या मॉपवर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली तर वेळ निभावून नेण्यापुरता प्लंजरही होतो.

पाणी उकळतं ओतलं तर लवकर काम होईल ना?

नाही. थंड चिनीमातीवर उकळतं पाणी पडलं की ती तडकू शकते, आणि तडकलेलं भांडं दुरुस्त होत नाही, बदलावंच लागतं. पीव्हीसी पाइपही त्या उष्णतेने मऊ पडून वाकतो. कमोडखाली मेणाची कडी बसवलेली असेल तर ती वितळून गळती लागते. अंघोळीला घेतो त्यापेक्षा थोडं जास्त, साधारण ५० ते ६० अंश, एवढं पुरे.

खायचा सोडा आणि व्हिनेगर?

फेस भरपूर येतो. पण तो कार्बन डायऑक्साइड असतो आणि भांड्याच्या उघड्या तोंडाने हवेत निघून जातो, बोळ्यावर दाब येत नाही. खाली उरतं ते जवळपास निष्प्रभ खारट पाणी. नुकसान काही नाही. जो फायदा दिसतो तो मागून ओतलेल्या गरम पाण्याचा.

कॉस्टिक सोडा किंवा ॲसिड टाकावं का?

तुंबलेल्या संडासात आम्ही ते कधीच टाकायला सांगत नाही.

कॉस्टिक सोडा चरबी आणि केसांवर काम करतो. स्वयंपाकघराच्या मोरीत त्याचा उपयोग असतो. संडासात अडकलेलं वाइप, पॅड, खेळणं, ब्रशचं डोकं यांना तो काहीच करत नाही. पाण्यात पडताच मात्र तो प्रचंड तापतो. ती उष्णता वळणात कोंडून राहते आणि चिनीमाती तडकते. पाणी कमी पडलं तर तोच सोडा दगडासारखा घट्ट होऊन बसतो. आधी एक बोळा होता, आता दोन झाले. आणि काम झालं नाही तर भांडंभर दाहक द्रव उरतो, ज्यात पुढे तुम्हाला किंवा प्लंबरला हात घालायचाय.

त्याहून वाईट म्हणजे एकावर एक ओतणं. संडास धुण्याच्या बऱ्याच द्रवांमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. त्यात ब्लीच मिसळलं की क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो थेट फुप्फुसांवर जातो. ब्लीच आणि अमोनिया यांच्यातून क्लोरामाइनसारखे विषारी वायू निघतात. मूत्रातही अमोनिया असतो, हे लक्षात ठेवा. ॲसिड आणि कॉस्टिक एकत्र आले तर मिश्रण उकळून अंगावर उडतं. काल काय टाकलं होतं हे आठवत नसेल तर आज काहीही टाकू नका.

आधीच टाकून झालं असेल तर खिडकी उघडा, प्लंजर मारू नका (एक थेंब डोळ्यात गेला तरी पुरे) आणि प्लंबर आल्यावर दारातच त्याला काय टाकलंय ते सांगा. लाज वाटून लपवू नका, त्याच्या डोळ्यांचा प्रश्न आहे. अंगावर किंवा डोळ्यात उडालं तर वाहत्या पाण्याखाली किमान १५ ते २० मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे जा.

जिवाणू किंवा एन्झाइमची पावडर?

पूर्ण तुंबलेल्या वेळी निरुपयोगी. पाणी जातंय पण हळू, अशा वेळी रात्रभर ठेवली तर आतली मळी सैल करते. त्याच्या आगेमागे ब्लीच वापरलं तर जिवाणू मरतात आणि सगळं फुकट जातं.

स्प्रिंग कशी वापरायची?

प्लंजरने सुटलं नाही की पुढचं हत्यार हेच. कमोडसाठीची स्प्रिंग साधारण ९० सेंटिमीटर लांब असते. तिला एका टोकाला फिरवायचा दांडा आणि वळणापाशी रबरी किंवा प्लास्टिकचं कवच असतं. कवचाशिवायची लोखंडी स्प्रिंग किंवा कपड्याच्या हँगरची तार घालू नका. चिनीमातीवरची चकाकी खरवडली की त्या खरखरीत जागी घाण कायम चिकटते, आणि पुढच्या तुंबण्याची सोय होते.

कवच भोकाशी टेकवा, दांडा घड्याळाच्या दिशेने फिरवत हळूहळू आत सोडा. पहिला अडथळा वळणाचाच असतो. जोर न करता फिरवत राहिलात तर टोक स्वतःच वळतं. त्यानंतर मऊ, स्पंजासारखं काही लागलं तर तो बोळा. त्यात टोक रुतवा आणि फिरवत फिरवतच बाहेर ओढा. पुढे ढकलून मोकळं करण्यापेक्षा बाहेर काढणं केव्हाही चांगलं, कारण पुढे गेलेलं कापड चेंबरच्या तोंडाशी पुन्हा अडतं. ‘टक्’ असा कडक आवाज आला तर वस्तू टणक आहे, तिथे थांबा.

चेंबरकडून जोडाच्या सळया घालत असाल तर त्याही फक्त घड्याळाच्या दिशेनेच फिरवा. उलट फिरवल्या तर आटे सुटून अर्धी सळई आतच राहते.

खेळणं, साबण, मोबाइल किंवा ब्रशचं डोकं आत पडलंय.

फ्लश नाही, प्लंजर नाही. दोन्हींनी वस्तू आत ढकलली जाते. आधी भांड्यातलं पाणी मगाने आणि स्पंजने काढून टाका. लांब हातमोजा घालून वळणाच्या तोंडापर्यंत चाचपा, बऱ्याचदा वस्तू तिथेच असते. पाणी ओढणारा व्हॅक्यूम असेल तर नळीभोवती फडकं गुंडाळून वस्तू मागे खेचता येते. कोरड्या घरगुती व्हॅक्यूमने हे करू नका, विजेचा धक्का बसेल. साबण असेल तर घाई नको. कोमट पाणी ओतत राहा, काही तासांत झिजून जातो.

यातलं काहीच जमलं नाही तर कमोड उचलून खालच्या बाजूने वस्तू काढावी लागते. सिमेंटने पक्का केलेला कमोड उचलताना फुटू शकतो, म्हणून ते काम जाणकाराकडेच द्या. परत बसवताना खालची जोडाची कडी नवीनच हवी.

वाइप्सच्या पाकिटावर ‘फ्लश करता येतात’ असं लिहिलंय. मग?

घरीच पाहा. एका बाटलीत पाणी घेऊन टॉयलेट पेपरचा तुकडा टाका, दुसरीत वाइप. दोन्ही मिनिटभर हलवा. पेपरचा लगदा होईल, वाइप अनेकदा अख्खं राहील. पाइपातही तेच होतं. हात पुसायचा टिश्यू आणि स्वयंपाकघरातला पेपर ओला झाला तरी फाटू नये म्हणूनच बनवलेला असतो, तोही नको. सॅनिटरी पॅड आणि डायपर स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषून फुगतात. केस, दात साफ करायचा दोरा, कापसाचे बोळे, निरोध, मांजराच्या पेटीतली माती, उरलेलं तेल, यातलं काहीही संडासात टाकू नका. संडासाजवळ झाकणाचा एक छोटा डबा ठेवला की यातलं बरंचसं थांबतं.

काठाला लटकवायच्या सुगंधी वडीची जाळी सुटून आत जाणं हेही नेहमीचं कारण आहे. भांडं घासताना ती आधी काढून ठेवा.

दर पंधरा दिवसांनी तुंबतो. का?

मग दोष बोळ्यात नाही, व्यवस्थेत आहे. एक साधी चाचणी करा: ६ लिटर पाणी बादलीने एका दमात ओता. बादलीने सगळं नीट जातं पण फ्लशने जात नाही, तर दोष टाकीचा. बादलीनेही रेंगाळतं, तर दोष वळणाचा किंवा पाइपाचा.

टाकीचा दोष असेल तर आतली पातळी ओव्हरफ्लो नळीच्या (जादा पाणी भांड्यात सोडणारी उभी नळी) टोकाखाली २ ते ३ सेंटिमीटरपर्यंत येते का बघा. नसेल तर फ्लोट वर घ्या. झडपेची साखळी फार सैल असेल तर झडप अर्धवट उघडून लगेच मिटते, सेंटिमीटरभर ढील पुरे. पाणी वाचवायला टाकीत बाटली ठेवली असेल तर काढा. शौचानंतर अर्ध्या फ्लशचं बटण दाबलं जातंय का, तेही विचारा. ३ लिटर पाण्यात मैला भांड्यातून जातो, पण पाइपात मध्येच बसतो आणि वाळतो.

मग भांड्याच्या काठाखाली आरसा धरून तिथली भोकं पाहा. जड पाण्यामुळे त्यात पांढरा क्षार साठतो आणि पाण्याचा वेगच राहत नाही. १ लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून त्यात भिजवलेले कागदाचे बोळे काठाखाली रात्रभर दाबून ठेवा आणि सकाळी भोकं टाचणीने मोकळी करा. हेच द्रावण वळणात रात्रभर साचू दिलं तर मूत्राचा पिवळा खडाही विरघळतो. वर्षानुवर्षं साचलेला हा खडा वाट बोटभर अरुंद करतो. मात्र त्या रात्री ब्लीच जवळपासही नको.

पाइपाचा दोष असेल तर शक्यता तीन. कुठलीतरी टणक वस्तू आडवी बसलीय आणि पाणी जाऊ देते पण कागद अडवते. उतार चुकलाय, १०० मिलिमीटरच्या पाइपाला मीटरमागे साधारण सव्वा ते अडीच सेंटिमीटर उतार हवा. किंवा जमिनीतल्या जोडांतून झाडाची मुळं आत शिरलीत. तिन्ही कॅमेरा घातल्यावर दिसतात, अंदाजाने फरशी फोडू नका.

फ्लश केल्यावर गुडगुड आवाज येतो आणि वासही.

गच्चीवर गेलेला हवेचा पाइप पानांनी किंवा पक्ष्याच्या घरट्याने बंद झालेला असू शकतो. हवा मिळाली नाही की खाली जाणारं पाणी ट्रॅपमधलं पाणी ओढून नेतं आणि वासाला वाट मिळते. पाइपाचं तोंड साफ करून जाळी बसवा.

सेप्टिक टँक भरलाय हे कसं कळतं?

घरातल्या सगळ्याच मोऱ्या मंदावतात, टँकभोवतीची जमीन ओली राहते, वास येतो. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आल्याने शोषखड्डा पाणी घेत नाही, तेव्हाही हेच दिसतं. गाळ आणि वरचा थर मिळून टँकच्या एक तृतीयांश झाला की उपसा करायचा.

टँकमध्ये कुणीही उतरायचं नाही. दोन मिनिटांसाठी नाही, तोंडाला रुमाल बांधून नाही, पडलेली वस्तू काढायलाही नाही. आतला हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असला की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असं नसतं, उलट धोका वाढलेला असतो. एक बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. उपसा यंत्राने, बाहेरूनच.

प्लंबरला कधी बोलवायचं?

प्लंजरच्या चार-पाच फेऱ्या आणि स्प्रिंग एवढं करून सुटलं नाही तर. मोरीतून मैलापाणी वर येत असेल तर लगेच. इमारतीत राहत असाल आणि तळमजल्यावर पाणी चढत असेल तर अडथळा सगळ्यांच्या सामाईक पाइपात आहे. वरच्यांना पाणी सोडायचं थांबवायला सांगा, मगच फोन करा.

सुटल्यावर साफसफाई कशी करायची?

आधी साबणाच्या पाण्याने जमीन आणि भांडं धुवा, कारण घाणीवर जंतुनाशक काम करत नाही. मग घरगुती ब्लीच, साधारण ५ टक्क्यांचं, १ भाग आणि पाणी ९ भाग असं करून १० मिनिटं राहू द्या आणि धुऊन टाका. ॲसिड वापरलेलं असेल तर ब्लीच वगळा, भरपूर पाणी आणि साबण पुरे. प्लंजर स्वच्छ पाण्यात खाली-वर करून धुवा, त्याच द्रावणात बुडवून काढा आणि कप खाली टेकवून न ठेवता दांड्याने टांगून वाळवा. टेकवून ठेवलेल्या कपाचा काठ दुमडतो, आणि पुढच्या वेळी तो भोकावर नीट बसत नाही.